तिसऱ्या वर्षाचे कुलूप

मी एक जुनी सीडी आहे. दर्यापूरपासून जीपने अर्ध्या तासावर एक गाव आहे. त्या गावातल्या ज्वारीच्या वावरात, बाभळीच्या काठीला, लाल दोऱ्याने मला टांगलेले आहे. वारा सुटला की मी गरगर फिरते आणि ऊन पडले की चमकते. पाखरांनी मला भ्यावे आणि कणसांना तोंड लावू नये, एवढेच आता माझे काम. पहिले दोन दिवस पाखरे भ्यायली. आता एक होला माझ्याच काठीवर बसून पंख साफ करतो.

मित्रांनो, या गावात मला लबाड म्हणतात. अकोल्यात एकदा मला चोरीची म्हटले गेले. मी लबाड नाही आणि चोरीची तर मुळीच नाही. माझा स्वभाव आधीच थोडा ताठ, त्यात हे दोन आळ. म्हणून माझी हकीकत पहिल्यापासून सांगते. ती फार गोड नाही, पण खरी आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला, पण माझे घर म्हणाल तर अकोल्याचे जुने शहर. मोर्णा नदी ओलांडली की एका बोळात अब्दुल रहीम यांचे गाद्यांचे दुकान होते. ते पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आणि हातगाडीवर टाकून घरोघर पोचवायच्या. दुकानावरच्या खोलीत त्यांची मुलगी कहकशाँ कम्प्युटरवर काम करायची. तिने तीन वर्षे खपून एक खेळ बनवला. त्याचे नाव 'आपलं वावर'.

असा खेळ तुम्ही पाहिला नसेल. त्यात मारामारी नव्हती, मोटारी नव्हत्या. खेळणाऱ्याने आपल्या वावराचे माप टाकायचे, माती कोणती ते सांगायचे, बियाणे निवडायचे, पेरायचे, डवरून तण काढायचे. पाऊस नक्षत्राप्रमाणे पडायचा, कधी भरपूर, कधी रडतखडत. उन्हाळ्यात पडद्यावरच्या काळ्या मातीला भेगा पडायच्या. खारपाणपट्ट्यात भलत्या जागी विहीर खणली तर पाणी खारट लागायचे. कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला कहकशाँ प्रश्न विचारून भंडावून सोडायची आणि वहीत टिपून घ्यायची. त्यामुळे खेळात जे दिसे ते या भागातल्या माणसाला ओळखीचे वाटे. मला या गोष्टीचा अजूनही अभिमान आहे.

पण तिच्या मनात एक जुनी सल होती. या आधी तिने एक छोटा खेळ काढला होता. तेव्हा वेष्टनावर एक नंबर छापला होता आणि तो टाकल्याशिवाय खेळ उघडत नसे. लोकांनी नकली सीडी काढल्या आणि त्यावर पेनाने तोच नंबर लिहिला. मग तिने दुसरे कुलूप केले, की अस्सल सीडी कम्प्युटरात घातल्याशिवाय खेळ चालणार नाही. ते नवव्या दिवशी फुटले. फोडून विकणाऱ्यांत तिचा मामेभाऊ वकार पहिला होता. त्याचे कम्प्युटरचे दुकान त्याच बोळाच्या तोंडाशी होते. त्याला त्यात काही वावगे वाटत नसे.

"आपा, तुह्या गेमचं नाव मीच तं गावोगाव पोचवून रायलो," तो हसत म्हणायचा.

कहकशाँला हसू येत नसे. आणि म्हणून तिने तिसरे कुलूप केले. ते कुलूप म्हणजे मी.

माझ्या अगदी बाहेरच्या काठावर केसाएवढी एक कडी आहे. ती कडी कारखान्यात मुद्दाम सदोष ठेवली होती. नक्कल करणारे यंत्र तिथे आले की गोंधळते आणि ती जागा गुळगुळीत करून पुढे जाते. त्यामुळे नकली सीडीवर ती कडी कधीच उतरत नाही. खेळ सुरू होताना दर वेळी ती कडी शोधतो. सापडली तर सीडी अस्सल. नाही सापडली तरी तो काही बोलत नाही, अडवत नाही. दोन वर्षे सगळे नेहमीसारखे चालते. तिसऱ्या वर्षी मृग लागतो, ढग येतात आणि थेंबसुद्धा पडत नाही. हस्तापर्यंत पडत नाही. विहिरी आटतात, कापसाची पऱ्हाटी वाळते आणि खेळ संपतो.

हे तिने अब्बांना दाखवले तेव्हा आम्ही पाचशे जणी तिथेच खोक्यात होतो. अब्दुल रहीम यांनी पडद्यावरच्या भेगांवर बोट ठेवले.

"बेटी, चोराले सजा द्यायची तं त्याले मालूम तं पडलं पायजे का सजा कायची हाय," ते म्हणाले.

"मालूम पडलं तं तोडतील, अब्बा. आतापर्यंत तेच झालं ना? हे कोनालेच समजनार नाही. लोक वकारले विचारतील, तिसऱ्या वर्षी पानी काऊन येत नाही? तो माह्याकडे येईन. तवा मी पकडीन त्याले."

अब्बांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. ते खाली दुकानात निघून गेले.

दिवाळीला खेळ विकायला आला. आमच्यातल्या काही जणी गेल्या. वकारने त्यातली एक विकत घेतली, रीतसर, आणि तिच्यावरून शेकडो नकला काढल्या. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, जीप जाईल तिथे त्या गेल्या. कहकशाँ तक्रारीची वाट पाहू लागली. एक महिना गेला, दीड महिना गेला. एकही तक्रार आली नाही.

मग एका सकाळी वकार खोलीत आला आणि खोक्यावर, म्हणजे आमच्या डोक्यावरच, बसला.

"आपा, तुह्या गेमची भल्ली तारीफ होऊन रायली. कालच एक गिऱ्हाईक आलतं खेड्यातून. म्हने, लय गेम पाह्यल्या, पन अशी असली गेम नाही पाह्यली. दोन वर्स पिकते आन् तिसऱ्या वर्सी सारं जळते. म्हने, हे तं आमच्याच गावचं हाय."

कहकशाँचा हात कळफलकावरच राहिला. दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी सीडी तोंडावर फेकून मारली असती. इथे, त्या वर्षांत, लोकांना पाऊस न पडणे हा बिघाड वाटलाच नाही. त्यांना ते खरे वाटले.

"नुसतं असंच म्हटलं त्यानं?" तिने विचारले.

"असंच. काऊन?"

"काही नाही."

तेव्हाच तिने कुलूप काढायला हवे होते. तिच्या मनात ते आलेही, कारण त्या दिवशी ती जेवली नाही. पण चारशेवर सीड्या छापून पडल्या होत्या. पुढच्या छपाईला बघू, असे ती स्वतःशी म्हणाली. मित्रांनो, मी तेव्हा खोक्यात तळाशी होते आणि मला उगाचच गार वाटले.

डिसेंबरात विद्यापीठाच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरले. ट्रॅक्टर, फवारणीचे पंप आणि बियाण्यांच्या पाट्यांच्या गर्दीत कहकशाँने एक टेबल मांडले. तिथे मला आचलने घेतले. आचल शेतीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने टेबलावरचा खेळ अर्धा तास पाहिला आणि म्हणाली, "ताई, हे आमच्या बाबाले दाखवतो मी." कहकशाँने माझ्यावर निळ्या शाईने सही केली आणि क्रमांक घातला, एकशे सदतीस. दोघीही खूश होत्या. अस्सल माल घेणारी अशी गिऱ्हाईके तिला कमीच भेटत.

आचलच्या घरी मला मान मिळाला. तिचे वडील नत्थुजी हे बरे खाऊनपिऊन सुखी कास्तकार. सात वावरे, बैलजोडी, आचलच्या शिक्षणासाठी घेतलेला कम्प्युटर. सात वावरांतले नदीकाठचे गाळाचे वावर सगळ्यात सरस. त्या सगळ्या खारट मुलखात गोड्या पाण्याची विहीर त्याच वावरात होती. गावातल्या बाया प्यायचे पाणी तिथूनच नेत. शिक्षण संपले की ते वावर आचलने करायचे, असे नत्थुजींनी तिला कबूल केले होते. तिने तिथे काय काय पेरायचे याचा एक नकाशाच काढून भिंतीला लावला होता.

हिवाळाभर तिने सातही वावरांची मापे माझ्या खेळात भरली. मागच्या दोन वर्षांत कुठे काय पेरले, पाऊस केव्हा आला, तेही भरले. खेळाने दोन वर्षांचे जे पीक दाखवले ते खऱ्या पिकाच्या अगदी जवळ आले. नत्थुजी खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले.

"अवं आचलची माय, इकडं ये. धुऱ्यावरची तूर जवसासारखी बारीक रायली होती ना आपली? याले ते बी मालूम हाय!"

गोदाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी पडद्याला लांबूनच नमस्कार केला. त्या दिवसापासून मला त्या घरात देवाच्या वस्तूंसारखे जपू लागले. आता पुढचे, म्हणजे तिसरे वर्ष, ते येणाऱ्या खरिपाचे. आचल म्हणाली, "बाबा, परीक्षा झाली का आपन पुढचं वर्स लावून पाहू." आणि मला वेष्टनात घालून, घरीच ठेवून ती अमरावतीला परीक्षेला गेली.

आणि इथे ते घडले. कोणाच्या मनात वाईट नव्हते, म्हणूनच मला ते जास्त लागते.

अक्षय्य तृतीया आली. गोदाबाईंनी घरातली पितळेची भांडी घासायला काढली. मागच्या आठवड्यात शेजारच्या पोरांनी मला हाताळले होते, त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे माझ्यावर राहिले होते आणि एक हळदीचा डागही. कम्प्युटर पुसताना गोदाबाईंना तो दिसला. सणाच्या दिवशी अशी मानाची वस्तू मळकी कशी ठेवायची? त्यांनी मला भांड्यांबरोबर अंगणात नेले. चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि सहीची बाजू सोडून मला गोल गोल घासले. जोर लावून घासले. मग विहिरीच्या गोड पाण्याने धुतले आणि उन्हात वाळत ठेवले.

"कशी चकचक करून रायली पाहा," त्या म्हणाल्या. मी चकाकत होते खरी, पण माझ्या काठावरची ती केसाएवढी कडी पुसून गेली होती. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

आचल परतली. सणाला घरी चारजण जमले होते. बुलडाण्याकडे या दिवशी घटमांडणी करून पावसापाण्याचे भाकीत सांगतात आणि आमच्या भागातली माणसे ते ऐकायला कान देऊन असतात. नत्थुजी दरवर्षी त्यासाठी जात. या वर्षी ते गेले नाहीत.

"आवंदा घट आपल्या घरातच मांडला हाय," ते हसून म्हणाले आणि आचलला म्हणाले, "लाव बरं."

तिने मला आत सरकवले. खेळाने माझी कडी शोधली, दोनदा शोधली. ती सापडली नाही. तो काही बोलला नाही. पडद्यावर मृग लागला. ढग भरून आले. मग ते निघून गेले. आर्द्रा गेली, पुनर्वसू गेला. नदीकाठच्या वावरातली विहीर तळाला गेली आणि तिथे भेगा दिसू लागल्या. गोदाबाईंनी हातातली पुरणपोळी खाली ठेवली.

आचलने पुन्हा पहिल्यापासून लावले. कापसाऐवजी ज्वारी पेरली, मग सोयाबीन, मग नुसती तूर. सात दिवसांत सात वेळा तिने ते वर्ष पाहिले. सातही वेळा एक थेंब पडला नाही. आठव्या दिवशी नत्थुजींनी पाहणे बंद केले. ते दिवसभर ओसरीत बसून राहत आणि आकाशाकडे बघत. आकाश उन्हाळ्याचे होते, निळे आणि रिकामे, दरवर्षीसारखेच. पण आता त्यांना त्यात वेगळे काही दिसू लागले होते. गावातले लोकही येऊन विचारू लागले. कोणाकडे वकारची नक्कल होती, तो म्हणे, "आमच्यात बी हेच दाखवून रायलं." दोन कम्प्युटर एकच सांगतात म्हटल्यावर संशयाला जागाच उरली नाही.

त्याच सुमारास विटांचा एक ठेकेदार गावात फिरत होता. त्याला नदीकाठची गाळाची माती हवी होती. तो वावर घेणार, कंबरभर माती उकरणार आणि भट्टीत भाजणार. नत्थुजींनी त्याला दोनदा हाकलून लावले होते. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला बसायला खाट दिली.

"बाबा, ते वावर माह्यं हाय. तुमी शब्द देल्ला होता," आचल म्हणाली.

"पोरी, पानीच नाही येनार तं वावराले काय चाटतं? आज घेनारा हाय. मिरगानंतर कुत्रं बी इचारनार नाही."

"पानी येईन."

"तुह्याच कम्प्युटरनं सांगतलं ना नाही येनार म्हनून? मी थोडी सांगतलं?"

त्या रात्री झोपताना आचलच्या मनात एक गोष्ट खटकली आणि सकाळी तिने ती आईला सांगितली. कितीही वाईट वर्ष असले तरी दोनचार सरी पडतातच. सात वेळा वेगवेगळे पेरूनही सातही वेळा एकसारखे कोरडे, हे पावसाचे वागणे नव्हते. हे कोणीतरी ठरवल्यासारखे होते. तिने नत्थुजींचे पाय धरले. त्यांनी एक दिवस दिला.

"सांजच्या चार वाजेपर्यंत थांबतो. ठेकेदार जीप घेऊन घरी येनार हाय, दर्यापूरले रजिस्ट्रीले न्याले. चारपर्यंत तुहा फोन नाही आला तं मी सही करतो."

मला पिशवीत घालून आचल पहिल्या जीपने दर्यापूरला आली, तिथून एसटीने अकोल्याला आणि ऑटोने मोर्णेपलीकडे. वेष्टनावर पत्ता होता. साडेअकराला ती गादीच्या दुकानाचा जिना चढली. मी किती दिवसांनी त्या खोलीत येत होते! मला वाटले, आता सुटका झाली.

कहकशाँने मला कम्प्युटरात घातले. आचलने भरलेली वावरे उघडली आणि तिसरे वर्ष चालवले. मृग लागला आणि ढग निघून गेले. तसा कहकशाँचा चेहरा घट्ट झाला. किती महिन्यांपासून ती या तक्रारीची वाट पाहत होती.

"ही नक्कल आहे," ती म्हणाली.

"नाही ताई. मी तुमच्याकडूनच घेतली. ही तुमची सही."

"सही कोणीही मारते. वकारच्या दुकानात माझ्या सहीसकट नकला निघतात. कोणाची घेतली, खरं सांग."

"मी खरंच सांगून रायली! तुमच्या टेबलावरून घेतली, परदर्शनात. तुमी मले चहा बी पाजला होता."

"चहा तर मी सगळ्यांनाच पाजला."

आचलच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मले चोर म्हना, पन एवढं सांगा, या वर्सी पानी येनार का नाही? आमचं वावर चाललं." कहकशाँला वाटले, पकडले गेल्यावर सगळे असेच रडतात. तिने ठरवले, दुसरी अस्सल सीडी लावून दोघींचा फरक हिच्या तोंडावर दाखवायचा. तिने खोक्यातून एक काढली आणि तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन होते. बारा वाजता गेलेली वीज तीनच्या आत यायची नाही.

"बसा. लाइट आल्यावर दाखवते," ती म्हणाली.

आणि त्या दोघी बसल्या. एक जण शिक्षा देण्यासाठी थांबली होती, दुसरी खरे ठरण्यासाठी. खोलीत उकाडा होता. भिंतीवरच्या घड्याळात काटा सरकत होता आणि मी बंद यंत्रात अडकून पडले होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्या तीन तासांएवढे लांब काही नव्हते. एका शब्दाने सारे सुटले असते. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे कुलूप उघड करायचे, आणि चोरासमोर कुलूप कोण उघडते?

वीज आली तेव्हा सव्वातीन झाले होते. अब्दुल रहीमही तेव्हाच एक गादी पोचवून परतले. पोरीचे रडणे ऐकून ते वर आले. कहकशाँने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले होते. त्यांनी मला उचलले, खिडकीशी नेले आणि उन्हात तिरके धरले. जन्मभर हाताने काम केलेला माणूस तो.

"बेटी, हे कोनं घासलं?" त्यांनी आचलला विचारले. "हे पाह्य, गोल गोल रेघा. भांडे घासल्यासारखं."

आचलने पहिल्यांदाच माझी खालची बाजू नीट पाहिली. तिला अंगणातली भांडी आठवली, अक्षय्य तृतीया आठवली.

"माह्या आईनं," ती हळूच म्हणाली. "राखेनं."

कहकशाँने हातातली दुसरी सीडी खोक्यात परत ठेवली. मग तिने सगळे सांगून टाकले. कडी काय, कुलूप काय, पाऊस कोणी थांबवला आणि कशासाठी. आचल ऐकत होती आणि घड्याळाकडे पाहत होती. ऐकून संपण्याआधीच ती जिना उतरून समोरच्या फोनच्या दुकानात धावली. चारला दहा कमी होते. घरचा फोन गोदाबाईंनी उचलला.

"ते तं दोन वाजताच गेले वं माय. ठेकेदाराची जीप लवकर आली."

मला पुन्हा पिशवीत घालून कहकशाँ आणि आचल मिळेल त्या जीपने दर्यापूरला निघाल्या. पोचेपर्यंत साडेपाच झाले. कचेरी बंद होती. समोर निंबाखाली नत्थुजी बसले होते. त्यांच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई होती आणि ते ती धोतराला पुसत होते. ती निघत नव्हती.

कहकशाँ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, तो पाऊस... तो मी बंद केला होता."

नत्थुजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांना ते समजलेच नाही.

"पोरी," ते म्हणाले, "पानी बंद करनारी तू कोन?"

ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी मशीन आणले. पंधरा दिवसांत नदीकाठचे वावर कंबरभर खोल गेले. विहिरीचा काठ एका बाजूने ढासळला. मग मृगात पाऊस आला. चांगला आला, वेळेवर आला आणि पुढेही येत राहिला. गावभर पेरण्या झाल्या. नदीकाठच्या खड्ड्यात पाणी साचले आणि विहिरीत आजूबाजूचे खारे पाणी उतरले. गावातल्या बाया आता टँकरच्या रांगेत उभ्या असतात. नत्थुजी त्या बाजूच्या रस्त्याने जात नाहीत.

कहकशाँने नंतर कुलूप काढून टाकलेला नवा खेळ बनवला आणि तो वकारच्या हातात ठेवला. म्हणाली, वाटून टाक, हव्या तेवढ्या. तिचे आणि आचलचे अधूनमधून फोनवर बोलणे होते, ते आचल या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून आईला सांगते, म्हणून मला कळते. नवी सीडी फुकट देऊनही लोक ती परत आणतात. म्हणतात, आम्हाला जुनीच द्या, तीच खरी होती. हिच्यात तिसऱ्या वर्षीही पाऊस पडतो, असे कुठे असते का? जुन्या नकला अजून घराघरांत आहेत. कोणाच्या तरी ओसरीत, कोणीतरी खुर्ची ओढून, या क्षणीही तिसरे वर्ष लावत असेल. मला त्याची भीती वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला बोटांचे ठसे लागले तर मऊ कापडाने मधून काठाकडे, सरळ पुसा. गोल घासू नका. आणि उद्या तुमच्यातले कोणी काही बनवाल, त्याला कुलूप लावाल, तर एवढे पाहा, की खरा मालक दारात उभा राहिला तर ते त्याला ओळखेल ना. नाही ओळखले, तर निदान तोंडाने सांगेल ना. माझे कुलूप शेवटपर्यंत कोणी फोडले नाही. त्याने एकाही चोराला त्रास दिला नाही.

आता सांज होत आली. गोदाबाई येतील. त्या दर शनिवारी येतात. मला दोऱ्यावरून सोडवतात, पदराच्या गाठीत बांधून आणलेली राख काढतात आणि मला गोल गोल घासतात, म्हणजे मी जास्त चमकावे आणि पाखरे भ्यावीत. "लबाड कुठली," असे म्हणतात, पण हात मायेचाच असतो. आचल धुऱ्यावर उभी राहून ते पाहते आणि मान फिरवते. खेळात काहीतरी बिघाड होता, एवढेच तिने घरी सांगितले आहे. राखेचे तिने सांगितलेले नाही. मीही सांगणार नाही. कधी या वाटेने आलात तर, मित्रांनो, तुम्हीही सांगू नका.